डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

शाळेत आपल्याला गुलाबी गोळी मिळते ना? तिला आपण लोहाची गोळी म्हणतो. पण तिच्यात फॉलिक ॲसिडसुद्धा असतं. त्याचा ज्यांच्याशी संबंध आहे, त्या शास्त्रज्ञांची माहिती मी लिहीत आहे.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम गावी झाला. घरची गरिबी होती. वडील लवकर वारले. ते मॅट्रिकला दोन वेळा नापास झाले, तिसऱ्या वेळी पास झाले. मग मद्रासला डॉक्टरकी शिकले. गांधीजींचे ऐकून ते खादी घालू लागले. इंग्रज प्रोफेसर रागावले व त्यांना कमी दर्जाची पदवी मिळाली. त्यांचे दोन भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या रोगाने थोड्याच दिवसांत वारले. सुब्बारावांना फार दुःख झाले.

पुढे ते अमेरिकेत बोस्टनला गेले. जवळ पैसे नव्हते. म्हणून ते दिवसा शिकत व रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी धूत. नंतर त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात फिस्के यांच्याबरोबर संशोधन केले.

आपले शरीर लहान लहान पेशींचे बनले आहे. आपण भाकरी खातो, पण पेशीला ती तशीच चालत नाही. घरात ज्वारीचं पोतं असलं तरी दुकानात सुटे पैसेच लागतात की नाही, तसंच हे. पेशीचे सुटे पैसे म्हणजे एटीपी. आपण खो-खो खेळताना पळतो, तेव्हा पाय एटीपी खर्च करतात आणि पेशी ते पुन्हा तयार करतात. एटीपीचा शोध फिस्के व सुब्बाराव यांनी १९२९ साली लावला. त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनाही तो लागला.

१९४० साली ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. १९४५ साली त्यांच्या हाताखालच्या शास्त्रज्ञांनी फॉलिक ॲसिड तयार केले. ते स्प्रूवर उपयोगी पडते. पण तेव्हा भाऊ राहिले नव्हते. हे वाचून मला रडूच आलं.

नवीन पेशी तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वाईट पेशी भराभर वाढतात. मग सुब्बारावांच्या लोकांनी दिसायला फॉलिक ॲसिडसारखेच पण खोटे औषध बनवले. पेशी फसते आणि ते घेते. जात्यात दाण्याऐवजी खडा गेला की जातं अडतं, तसं पेशीचं काम अडतं. बोस्टनचे डॉ. फार्बर यांनी १९४७ साली ते आजारी मुलांना दिले. काही मुलांना काही महिने बरे वाटले. याआधी असे कोणत्याच औषधाने झाले नव्हते. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही इतर औषधांबरोबर देतात आणि पुष्कळ मुले बरी होतात. मात्र ते चांगल्या पेशींनाही त्रास देते, म्हणून डॉक्टरच मापून देतात.

हत्तीरोगावरचे औषधही त्यांच्याच हाताखाली निघाले.

ऑगस्ट १९४८ मध्ये ते अमेरिकेतच वारले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. ते परत घरी आलेच नाहीत. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. १९९५ साली आपल्या सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

दोनदा नापास झालेला मुलगा एवढा मोठा झाला. म्हणून कोणी नापास झाला तर त्याला हसू नये. आणि गुलाबी गोळी खिडकीतून टाकू नये. मी आधी टाकत होतो, आता टाकत नाही.

— इयत्ता चौथी