विश्लेषण : मान्सूनचे पाणी येते कुठून? डॉ. पिशारोटी यांनी आयुष्यभर कशाचा शोध घेतला?

पावसाळ्यात अरबी समुद्रावरील ढगांचे उपग्रह चित्र आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येते. पांढरा पट्टा कोकणाकडे सरकताना दिसला की नवी मुंबईकर छत्री शोधतो. पण हे ढग पाणी आणतात कुठून आणि आकाशातून त्यांचा अंदाज कसा घेता येतो, हे प्रश्न ज्यांनी भारतात चिकाटीने विचारले, त्यांत डॉ. पी. आर. पिशारोटी यांचे नाव अग्रणी आहे. भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

डॉ. पिशारोटी कोण होते?

जन्म १० फेब्रुवारी १९०९, केरळमधील कोल्लेनगोडे. सुरुवातीला ते महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आणि सुट्टीत बंगळूरुला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करत. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात दाखल झाले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात याकोब ब्यर्कनेस या नामवंत हवामानशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५४ मध्ये पीएच.डी. मिळविली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

त्यांच्या कामाचा मोठा काळ मुंबई आणि पुण्यात गेला. कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांचे ते संचालक होते. याच वेधशाळांचा वारसा सांगणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईत, नवीन पनवेल येथे आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा पहिले संचालक म्हणून डॉ. पिशारोटी यांची निवड झाली. हीच आजची आयआयटीएम.

पावसाबद्दल त्यांनी काय शोधले?

बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे पश्चिम-वायव्येकडे सरकतात. सर्वाधिक पाऊस त्यांच्या केंद्रात पडत असेल, असे सहज वाटते. जी. सी. अस्नानी यांच्यासह १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डॉ. पिशारोटी यांनी दाखवले, की मुसळधार पाऊस प्रामुख्याने केंद्राच्या नैऋत्येला, म्हणजे क्षेत्राच्या वाटेच्या डाव्या बाजूला पडतो. पूर आणि धरणांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असतो. आजही अंदाज देताना तो लक्षात घेतला जातो.

मान्सूनच्या पाण्याचा वाद काय होता?

मान्सूनचे वारे दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येतात. मग त्यांतील बाष्पही तिकडचेच, की अरबी समुद्रावरून येताना भरलेले? १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि जहाजे व विमानांनी नोंदी घेतल्या. त्यांच्या आधारे डॉ. पिशारोटी यांनी जमाखर्च मांडला : विषुववृत्त ओलांडून किती बाष्प आत येते आणि पश्चिम किनारा ओलांडून किती जाते. जाणारे बाष्प येणाऱ्यापेक्षा बरेच जास्त निघाले. म्हणून पावसाचे मुख्य भांडवल अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून येते, असा निष्कर्ष त्यांनी १९६५ मध्ये मांडला.

हा निष्कर्ष टिकला का?

पूर्णपणे नाही. के. आर. साहा आणि एस. एन. बावडेकर यांनी १९७३ मध्ये केलेल्या हिशेबात विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा ठरला. नंतरच्या अधिक नोंदींनीही त्यालाच दुजोरा दिला. अरबी समुद्राचा वाटा मात्र कोणी नाकारला नाही. अडचण मोजमापाची होती. अफाट समुद्रावर जहाजे मोजकी आणि त्यांच्या मधला भाग कोराच. तरीही त्यांनी प्रश्न आकड्यांत मांडला, म्हणूनच पुढच्यांना तो तपासता आला.

उपग्रहांकडे ते कसे वळले?

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या टायरॉस-८ उपग्रहात ढगांचे चित्र थेट जमिनीवर पाठविण्याची सोय होती. महासागर मोहिमेसाठी कुलाब्यात उभारलेल्या केंद्रात अशी चित्रे येऊ लागली. समुद्रावरील कोरी जागा प्रथमच भरू लागली होती. १९६७ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या निमंत्रणावरून डॉ. पिशारोटी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

तेथील त्यांचा गाजलेला प्रयोग मात्र नारळाचा आहे. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते, रोगट पान कमी. १९७० च्या सुमारास केरळमधील बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेण्यात आली आणि मूळकुज रोगाने ग्रासलेली झाडे वरूनच ओळखता आली. भारतातील रिमोट सेन्सिंगची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. ढगांच्या बाबतीत तत्त्व मात्र वेगळे, परावर्तित नव्हे तर ढगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांचे : अवरक्त चित्रात ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच. पुढे १९७९ च्या भास्कर-१ उपग्रहावर समुद्रावरील बाष्प मोजणारे सूक्ष्मलहरी उपकरणही बसविण्यात आले.

सन्मान कोणते मिळाले?

१९७० मध्ये पद्मश्री आणि १९८९ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा प्रतिष्ठेचा आयएमओ पुरस्कार. सप्टेंबर २००२ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे म्हणणे का आठवावे?

उत्तरायुष्यात ते एक साधा हिशेब वारंवार मांडत. वर्षात ८,७६० तास असतात, पण देशाच्या बहुतांश भागात वर्षभराचा पाऊस जेमतेम शंभर तासांत पडून जातो. युरोपसारखी संथ, बारमाही रिपरिप आपल्याकडे नाही. म्हणून पाऊस पडेल तेथेच, लहान लहान पाणलोटांत तो अडवावा आणि साठवावा, असा त्यांचा आग्रह होता. नवी मुंबईला वर्षभर पुरणारे मोरबे धरणाचे पाणीही अशाच मोजक्या तासांत जमा होते. उपग्रह ते तास कधी येणार हे सांगू शकतो. त्या तासांतले पाणी अडवायचे काम जमिनीवरच करावे लागते.