आडोशामागचा पक्षिनिरीक्षक

वाळलेल्या पानांवर बसलेला रातवा चार पावलांवरूनही ध्यानात येत नाही. टिटवीची ठिपकेदार अंडी खड्यांमध्ये खडेच भासतात. परिसराशी एकरूप होऊन दृष्टीआड राहण्याच्या या युक्तीला मायावरण म्हणतात. दुबळ्या जिवाला ते शत्रूपासून वाचवते, तर शिकाऱ्याला सावजाजवळ पोहोचवते. डॉ. सालिम अली यांनी त्याचा उपयोग ज्ञानासाठी केला.

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामांनी त्यांचा सांभाळ केला. बालवयात छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील पक्षिसंग्रह पाहून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पुढे जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. तेथे 1930 मध्ये त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर शिडी उभारली, तिच्या टोकाला कापडाचा आडोसा केला आणि आत तासन्‌तास निश्चल बसून निरीक्षण केले. पक्षी निर्धास्त राहिल्याने त्यांचे खरे जीवन दिसले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागताच तो दुसऱ्या घरट्याला आरंभ करतो.

1939 मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. हे दुःख उरी बाळगून त्यांनी 1939-40 मध्ये म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. म्हैसूरजवळ, कावेरीच्या पात्रातील रंगनथिट्टू बेटांवरील झाडांवर बगळे, करकोचे दाटीवाटीने घरटी बांधत. रातव्यासारखे लपणे त्यांना शक्य नव्हते. त्यांची वसाहत दुरूनच नजरेत भरे. ज्यांना निसर्गाने मायावरण दिले नाही, त्यांना माणसाने अभय द्यावे, हाच यावरचा उपाय होता. सालिम अलींच्या आग्रहावरून 1940 मध्ये संस्थानाने रंगनथिट्टूला अभयारण्य घोषित केले.

1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. 20 जून 1987 रोजी त्यांचे निधन झाले. कावेरीच्या त्या बेटांवर आजही उघड्या फांद्यांवर पिल्ले वाढतात.