गंजावर जस्ताचा उतारा शोधणारे हंफ्री डेव्ही

खाणकामगारांचा सुरक्षा दिवा म्हटले की सर हंफ्री डेव्ही यांचे नाव हमखास आठवते. शाळेच्या पुस्तकात ते सोडियम-पोटॅशियमच्या धड्यात भेटतात. जहाजाच्या तळाला जस्ताच्या वड्या का लावतात, गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी का असते, गाडीच्या बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर-पांढरी भुकटी का साठते, या प्रश्नांची उत्तरे शोधतानाही त्यांच्याच एका कामापर्यंत जावे लागते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या कामात डेव्ही यांचे शास्त्र बरोबर निघाले, पण उपाय फसला आणि त्यांची मोठी नाचक्की झाली.

हंफ्रीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पेन्झन्स या बंदराच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करीत. हंफ्री सोळा वर्षांचा असतानाच ते वारले. पाच भावंडांत तो थोरला. आईने टोप्या आणि कापडाचे दुकान चालवून संसार रेटला, आणि हंफ्री गावातल्या एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. औषधे कुटता-कालवताना त्याला रसायनांची गोडी लागली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लव्हाझिए यांचे रसायनशास्त्रावरील पुस्तक हाती पडले आणि घरच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले.

१७९८ मध्ये ब्रिस्टलच्या डॉ. थॉमस बेडोज यांनी त्याला आपल्या नव्या संस्थेत बोलावून घेतले. वायू हुंगवून क्षयासारखे आजार बरे होतात का, हे तेथे तपासायचे होते. डेव्ही यांनी बहुतेक वायू आधी स्वतःवरच आजमावले. नायट्रस ऑक्साइड हुंगल्यावर हसू येते आणि वेदनाही कमी होतात, हे त्यांना जाणवले. शस्त्रक्रियेत या वायूचा उपयोग होऊ शकेल, असे त्यांनी १८०० सालच्या ग्रंथात नोंदवलेही. पण वैद्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. १८४४ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, तोपर्यंत चार दशके उलटून गेली होती. दुसऱ्या एका प्रयोगात कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू हुंगून डेव्ही मरता मरता वाचले.

बॅटरीने दिलेली दिशा

त्याच १८०० साली इटलीच्या व्होल्टा यांनी आपल्या विद्युतघटाची माहिती जगापुढे मांडली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मधे खारट पाण्यात भिजवलेला कागद किंवा कापड, आणि त्यातून सतत वाहणारी वीज. १८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झालेल्या डेव्ही यांनी मोठमोठे घट उभारले. घटातली वीज केवळ धातूंच्या स्पर्शातून येत नाही, तिथे रासायनिक क्रियाही घडते, हे त्यांनी दाखवून दिले. रासायनिक ओढ आणि वीज यांचे मूळ एकच असावे, हा विचार त्यांनी १८०६ च्या व्याख्यानात मांडला.

पुढच्याच वर्षी त्यांनी ओलसर पोटॅशमधून वीज सोडली. चांदीसारखे चकाकणारे थेंब बाहेर पडले आणि पेटले. पोटॅशियम हाती लागले होते. प्रयोगशाळेत ते आनंदाने अक्षरशः नाचले. काही दिवसांतच सोडियम मिळाले. १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू असतानाही फ्रान्सने त्यांना पारितोषिक जाहीर केले. १८१२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी एका स्फोटात डोळ्यांना इजा झाली. त्या काळात लिहून घेण्यासाठी त्यांनी मायकेल फॅरडे या तरुण बुकबाइंडरची मदत घेतली आणि १८१३ मध्ये त्याला संस्थेत नोकरी दिली. १८१५ मध्ये बनवलेल्या सुरक्षा दिव्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

नौदलाचा प्रश्न

१८२० मध्ये डेव्ही रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. ब्रिटिश नौदलाची अडचण थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढे आली. जहाजे लाकडी असत. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून तळ वाचवण्यासाठी त्यावर तांब्याचे पत्रे ठोकत. या पत्र्यांवर शेवाळ आणि शिंपलेही फारसे धरत नसत, त्यामुळे जहाज वेगाने जाई. पण खाऱ्या पाण्यात पत्रे काही वर्षांतच विरून जात आणि बदलण्याचा खर्च प्रचंड येई.

डेव्ही यांनी उत्तर शोधले ते विद्युतघटाच्या तत्त्वात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की तो एक छोटा घटच होतो. त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. आजच्या भाषेत, जस्तातून सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातात आणि तांब्याचे विरघळणे थांबते. प्रयोगात दिसले ते चकित करणारे होते. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा ४० ते ५० चौरस इंच तांबे राखू शकत होता. लोखंडानेही तेच काम होत होते. जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष रॉयल सोसायटीत वाचला आणि नौदलाने जहाजांना असे रक्षक तुकडे बसवायला सुरुवात केली. कोचीनच्या गोदीत बांधलेले ‘समरंग’ हे जहाजही या चाचण्यांत होते.

तांबे खरोखरच झिजेना. पण जहाजे समुद्रात फिरू लागल्यावर वेगळेच दिसले. तळावर शेवाळ आणि बार्नेकल यांचे थर चढले आणि जहाजांचा वेग मंदावला. कारण साधे होते. तांबे पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणूनच त्याचे क्षार समुद्री जीवांना विषारी ठरतात आणि ते तिथे चिकटत नाहीत. झीज थांबली तसे विषही थांबले. जी झीज नुकसान वाटत होती, तीच जहाजाची राखण करीत होती. नौदलाने हे रक्षक तुकडे काढून टाकायला लावले. सभा-समारंभांत गौरव झेलणाऱ्या डेव्ही यांची वृत्तपत्रांनी टर उडवली. हा आघात त्यांना जिव्हारी लागला.

पुढे प्रकृती ढासळत गेली. पक्षाघाताच्या झटक्यानंतर १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ युरोपात हवापालटासाठी फिरण्यात, मासे धरण्यात आणि लिहिण्यात गेला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

बॉनेटखालचा घट

डेव्ही यांनी सांगितलेले तत्त्व गाडीच्या बॉनेटखाली रोज काम करीत असते. बॅटरीचा खुंट शिशाचा, त्यावरचा क्लॅम्प बहुधा शिशाचा किंवा पितळेचा आणि तार तांब्याची. बॅटरीतून सल्फ्युरिक आम्लाची सूक्ष्म वाफ झिरपते, पावसाळ्यात हवेतला ओलावाही वाढतो. वेगळे धातू आणि मधे आम्लाचा ओलसर थर, म्हणजे पुन्हा घटच. शिशापासून पांढरे लेड सल्फेट बनते, तर तांब्यापासून निळसर-हिरवे कॉपर सल्फेट, म्हणजेच मोरचूद. ही भुकटी वीज नीट जाऊ देत नाही. मग स्टार्टर कुरकुरतो आणि बॅटरी बिघडल्याचा समज होतो.

ती काढणे अवघड नाही, मात्र काळजी हवी. इंजिन बंद करावे, हातमोजे आणि चष्मा घालावा, बोटातली अंगठी, हातातले धातूचे कडे काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी किंवा सिगारेट पेटवू नये. पान्याने आधी मायनसचा क्लॅम्प सोडवावा, मग प्लसचा. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासावे. आम्लामुळे फेस येतो. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, आधी प्लस आणि मग मायनस घट्ट बसवून वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. शिशाचे क्षार विषारी असतात. त्यामुळे भुकटी फुंकून उडवू नये, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ती डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे. भुकटी वारंवार येत असेल तर बॅटरी जास्त चार्ज होते का, खुंटाजवळ भेग आहे का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

नौदलाने टाकून दिलेला डेव्ही यांचा उपाय पुढे अनेक ठिकाणी रुजला. जमिनीखालच्या गॅसवाहिन्या, गोदीतले पोलादी खांब आणि गिझरच्या टाक्या याच तत्त्वाने राखल्या जातात. गिझरमध्ये हळूहळू झिजणारी कांडी मॅग्नेशियमची, म्हणजे १८०८ मध्ये डेव्ही यांनीच वेगळ्या केलेल्या धातूची असते. पोलादी जहाजांच्या तळाला आज समुद्री जीव दूर ठेवण्यासाठी तांब्याची संयुगे असलेला रंग देतात, आणि पोलाद गंजू नये म्हणून शेजारी जस्ताच्या वड्या बसवतात. १८२४ मध्ये एकट्या तांब्याकडून मागितलेली दोन कामे आता अशी वाटून दिलेली आहेत.