विश्लेषण : विमान कंपनीत नोकरी मिळाली, पण उड्डाणेच मिळाली नाहीत! कोण होत्या हेलन रिची?

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. परवाना हाती आला की प्रश्न उरतो पहिल्या नोकरीचा. मोठ्या जेट विमानातली खुर्ची सगळ्यांनाच लगेच मिळत नाही. त्यामुळे जगभरात अनेक वैमानिकांची सुरुवात होते ती छोट्या प्रादेशिक कंपनीत, एटीआरसारख्या टर्बोप्रॉप विमानात, उजव्या खुर्चीवर सहवैमानिक म्हणून. पगार बेताचा, पण मार्ग आखूड असल्याने दिवसाला चार-चार उड्डाणे आणि तितकीच लँडिंग. या नोकरीतली खरी कमाई म्हणजे लॉगबुकात भरणारे तास. त्या तासांवर पुढचे सगळे अवलंबून असते.

मग नोकरी मिळाली, गणवेश मिळाला, पण तासच मिळू दिले नाहीत तर? अमेरिकेत नियमित प्रवासी विमान कंपनीने नेमलेल्या पहिल्या महिला वैमानिक हेलन रिची यांच्याबाबत ९० वर्षांपूर्वी नेमके हेच झाले.

वैमानिक कशा झाल्या?

रिची यांचा जन्म १९०९ चा, पेनसिल्व्हेनियातील मकीसपोर्ट या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. वडील तिथल्या शाळांचे अधीक्षक. मुलीने शिक्षिका व्हावे, अशी घरची अपेक्षा असणे त्या काळात स्वाभाविक होते. रिची यांचे लक्ष मात्र जवळच्या धावपट्टीकडे. विशीत त्या विमान चालवायला शिकल्या आणि परवाना मिळाल्यावर वडिलांनीच त्यांना विमान घेऊन दिले. मंदीच्या वर्षांत ही चैन थोड्यांनाच परवडणारी होती, हेही खरे.

नाव झाले ते १९३३ च्या डिसेंबरमध्ये. फ्रान्सिस मार्सालिस यांच्यासोबत त्यांनी मायामीच्या आकाशात जवळपास दहा दिवस न उतरता विमान उडवत ठेवले. इंधन वरून उडणाऱ्या दुसऱ्या विमानातून नळीने घ्यायचे. ती लोंबती नळी एकीने पकडायची आणि दुसरीने विमान स्थिर ठेवायचे, असा प्रकार. एकदा नळीमुळे विमानाचे कापड फाटले, तेव्हा रिची यांनी सुई-दोरा घेऊन उडत्या विमानाच्या पंखावर जाऊन ते शिवले. पुढच्याच वर्षी डेटन येथील महिलांच्या हवाई स्पर्धेत रिची यांनी मुख्य शर्यत जिंकली. मार्सालिस यांचा मात्र त्याच स्पर्धेत अपघाती मृत्यू झाला.

नोकरी कशी मिळाली?

१९३४ हे अमेरिकी विमान कंपन्यांसाठी उलथापालथीचे वर्ष होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने हवाई टपालाची जुनी कंत्राटे रद्द केली, काही काळ लष्कराच्या वैमानिकांकडून टपाल वाहून घेतले आणि त्यात अनेक वैमानिक दगावल्यावर नव्याने निविदा काढल्या. तिकिटांपेक्षा टपालावर पोट भरणाऱ्या त्या धंद्यात यामुळे नव्या कंपन्यांना शिरकाव मिळाला. सेंट्रल एअरलाइन्स ही त्यातलीच एक छोटी कंपनी. वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, डेट्रॉइट हा तिचा मार्ग. याच मार्गावर पेनसिल्व्हेनिया एअरलाइन्सशी तिची चढाओढ होती.

अशा वेळी वर्तमानपत्रांत गाजलेली महिला वैमानिक नेमणे कंपनीला सोयीचे होते. रिची यांची पात्रता खरी होती आणि कंपनीला प्रसिद्धीही हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ३१ डिसेंबर १९३४ रोजी तीन इंजिनांच्या फोर्ड विमानात सहवैमानिक म्हणून बसून त्यांनी वॉशिंग्टन ते डेट्रॉइट हे पहिले उड्डाण केले.

अडचण कुठे आली?

वैमानिकांची संघटना १९३१ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे सारे सदस्य पुरुष होते. रिची यांचा सदस्यत्वाचा अर्ज संघटनेने फेटाळला. खराब हवामानात एवढे जड विमान आवरण्याची ताकद बाईच्या अंगात नसते, हा आक्षेप. फोर्डचे विमान चालवायला जड होते, यात शंका नाही. पण दहा दिवस आकाशात राहिलेल्या वैमानिकाची ताकद मोजण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मागे केवळ पुरुषी अहंकार होता असेही नाही. मंदीत वैमानिक जास्त आणि खुर्च्या कमी होत्या. एक बाई आली म्हणजे एका पुरुषाची खुर्ची गेली, असा तो हिशेब होता.

यानंतर सरकारच्या वाणिज्य खात्याने कंपनीला सुचवले की, रिची यांना केवळ चांगल्या हवामानातच उडू द्यावे. त्यांच्या परवान्याला कोणी हात लावला नाही, नोकरीवरून काढण्याचा आदेशही निघाला नाही. कंपनीने वेळापत्रकातून त्यांचे नाव वगळत नेले, एवढेच. त्या भागातले हवामान पाहता स्वच्छ दिवसांची वाट पाहणाऱ्या वैमानिकाचे लॉगबुक कोरेच राहणार. काही महिन्यांत त्यांच्या वाट्याला डझनभरही फेऱ्या आल्या नाहीत. बाकीचे दिवस समारंभ, भाषणे आणि छायाचित्रे. वर्षभराच्या आतच, १९३५ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. अमेलिया इअरहार्ट यांनी या प्रकाराबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली, पण निर्णय बदलला नाही.

पुढे काय केले?

गंमत अशी की, ज्या वाणिज्य खात्याने त्यांच्यावर हवामानाची अट घातली, त्याच्याच हवाई विभागाने त्यांना पुढची नोकरी दिली. त्या वेळी वैमानिक खाली बघून वाट शोधत. म्हणून गावोगावच्या छपरांवर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव रंगवण्याची योजना निघाली, साधारण दर १५ मैलांवर एक खूण. मोजक्या महिला वैमानिक गावोगाव फिरून पालिकांना आणि छपरांच्या मालकांना यासाठी राजी करत. रिची त्यांत होत्या. वाट चुकलेल्या कित्येक पुरुष वैमानिकांना ही नावे उपयोगी पडली असणार.

१९३६ च्या बेंडिक्स शर्यतीत त्या इअरहार्ट यांच्या सहवैमानिक होत्या. दोघी पाचव्या आल्या. पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९४२ मध्ये जॅकलिन कॉक्रन यांनी ब्रिटनला नेलेल्या अमेरिकी महिलांच्या तुकडीत त्या सामील झाल्या. कारखान्यातून निघालेली लढाऊ विमाने तळांवर पोहोचवणे हे काम. कॉक्रन मायदेशी परतल्यावर तुकडीची जबाबदारी रिची यांच्याकडे आली. नंतर अमेरिकेत ‘वास्प’ या महिला वैमानिक दलात त्यांनी लष्करी विमाने हलवली. त्यांत दोन इंजिनांचे बी-२५ बॉम्बफेकी विमानही होते. फोर्डचे प्रवासी विमान ज्यांना झेपणार नाही असे ठरले होते, त्यांच्याच हाती आता हे होते.

डिसेंबर १९४४ मध्ये ‘वास्प’ बरखास्त झाले. त्यातील महिलांना लष्करी दर्जा नव्हता; तो मिळायला १९७७ उजाडले. युद्धावरून हजारो पुरुष वैमानिक परतले आणि विमान कंपन्यांपुढे त्यांची रांग लागली. त्या रांगेत रिची यांना जागा नव्हती. ७ जानेवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमधील घरी त्या मृतावस्थेत आढळल्या. आत्महत्या असावी, असा निष्कर्ष निघाला. वय ३७.

त्या कंपनीचे आणि त्या खुर्चीचे काय झाले?

सेंट्रल एअरलाइन्स १९३६ मध्ये आपल्या प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन झाली. तीच पुढे कॅपिटल एअरलाइन्स झाली आणि १९५५ मध्ये व्हायकाउंट विमाने आणून टर्बोप्रॉप चालवणारी अमेरिकेतील पहिली विमान कंपनी ठरली. १९६१ मध्ये ती युनायटेडमध्ये सामावली गेली.

रिची गेल्या त्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतात प्रेम माथुर यांना अनेक कंपन्यांच्या नकारानंतर हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या छोट्या कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतले. अमेरिकेत मात्र नियमित विमान कंपनीत पुन्हा कायमस्वरूपी महिला वैमानिक दिसायला १९७३ साल लागले. डेन्व्हरच्या फ्रंटियर एअरलाइन्सने एमिली वॉर्नर यांना नेमले. १९७४ मध्ये त्याच वैमानिक संघटनेने त्यांना सदस्यत्व दिले आणि १९७६ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, ट्विन ऑटर या छोट्या टर्बोप्रॉप विमानाच्या डाव्या खुर्चीवर.