लोकांचा कैवारी, लोकसत्तेचा वैरी

लोकांचा कैवार घेऊन पुढें आलेला मनुष्य लोकांचेच हक्क हिरावून घेतो, असा प्रकार घडला म्हणजे सर्व दोष त्या मनुष्याच्या धूर्तपणावर अथवा लोकांच्या भोळेपणावर घालून मोकळें होण्याची चाल आहे. आम्हांस हा न्याय अपुरा वाटतो. अशा मनुष्याच्या वाटेंत जे शहाणे, अनुभवी व अधिकारसंपन्न गृहस्थ उभे असतात, त्यांनीं त्यास वेळींच कां अडविलें नाहीं, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधावयाचें तर फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या चरित्राइतकें बोधप्रद चरित्र क्वचितच सांपडेल; म्हणून तें आज आम्ही आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

लुई नेपोलियन बोनापार्ट याचा जन्म २० एप्रिल १८०८ रोजीं पॅरिस येथें झाला. थोरला नेपोलियन हा त्याचा चुलता. बाप लुई हा त्या वेळीं हॉलंडच्या गादीवर होता. १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणांत चुलत्याचें राज्य बुडालें आणि त्या घराण्यास फ्रान्समध्यें पाय ठेवण्याची बंदी झाली. मुलाचें बाळपण स्वित्झर्लंड व जर्मनी या परदेशांत गेलें. १८३२ सालीं थोरल्या नेपोलियनचा मुलगा वारल्यावर आपणच त्या गादीचे वारस, असें त्याच्या मनानें घेतलें. १८३६ सालीं स्ट्रासबुर्ग येथें व १८४० सालीं बुलोन येथें मूठभर अनुयायी घेऊन त्यानें लष्कर फितविण्याचे दोन प्रयत्न केले. दोन्ही कांहीं तासांतच फसले व सगळा युरोप त्यास हंसला. पहिल्या वेळीं सरकारनें त्यास अमेरिकेस धाडून दिलें. दुसऱ्या वेळीं जन्मठेप देऊन हामच्या किल्ल्यांत कोंडलें. तेथें असतांना १८४४ सालीं त्यानें दारिद्र्याच्या निर्मूलनावर एक छोटेंसें पुस्तक लिहिलें. त्यांतील योजना कितपत व्यवहार्य होत्या हा प्रश्न निराळा. पण आपल्या दुःखाचा विचार करणारा एक राजपुत्र तुरुंगांत खितपत पडला आहे, एवढी गोष्ट गरिबांच्या कानांवर गेली. मे १८४६ मध्यें मजुराचा पोषाख करून, खांद्यावर फळी घेऊन, पहारेकऱ्यांच्या देखत तो किल्ल्यांतून निघून गेला व लंडनास पोंचला.

फेब्रुवारी १८४८ मध्यें पॅरिसांत क्रांति होऊन राजा लुई फिलिप पळाला व प्रजासत्ताक राज्य पुकारण्यांत आलें. तोंपर्यंत सुमारें अडीच लक्ष लोकांसच असलेला मताचा हक्क एकदम नव्वद लक्षांहून अधिक पुरुषांस मिळाला. (स्त्रियांस तो मिळण्यास पुढें १९४४ साल उजाडावें लागलें.) हक्क मोठा होता; परंतु तो देणाऱ्या सरकारची तिजोरी रिकामी होती. तिच्या भरतीसाठीं प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागें ४५ सेंटीम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबानें रुपयास सात आण्यांहून अधिक, अशी वाढ लादण्यांत आली. तिचा भार मुख्यत्वें शेतकऱ्यावर पडला व प्रजासत्ताक म्हणजे वाढीव सारा, असें समीकरण खेडोपाडीं रूढ झालें. इकडे शहरांत बेकारांसाठीं काढलेले सरकारी कारखाने जूनमध्यें बंद करण्याचें ठरतांच पॅरिसचे मजूर उठले. जनरल काव्हेन्याक यानें चार दिवसांच्या लढाईंत तो उठाव मोडला. हजारों माणसें मेलीं. अशा रीतीनें शेतकरी करानें चिडला, मजूर रक्तपातानें तुटला, आणि दुकानदार व सावकार दंगलीच्या भयानें गांगरून गेला. या तिघांसही आपलें म्हणावें असा पक्ष सभागृहांत एकही उरला नाहीं. लुई नेपोलियनची खरी पूंजी ती हीच. त्याच्या नांवांत शेतकऱ्यास चुलत्याचें वैभव दिसे, मजुरास गरिबांविषयींचें पुस्तक दिसे, व व्यापाऱ्यास बंदोबस्त दिसे. परस्परविरुद्ध अशा तीन आशा एकाच नांवावर टांगल्या गेल्या, आणि तें नांव धारण करणाऱ्यानें कोणतीच खोडून काढली नाहीं.

आतां त्याच्या विरोधकांकडे वळूं. सप्टेंबर १८४८ मध्यें तो राष्ट्रीय सभेंत सभासद म्हणून येऊन बसला. बांधा ठेंगणा, डोळे निस्तेज, उच्चारांत जर्मन हेल, आणि भाषण अडखळत वाचलेलें. पूर्वीच्या राजघराण्यांतील पुरुषांस अध्यक्षपदास उभें राहतां येऊं नये, अशी उपसूचना त्या वेळीं सभेपुढें होती. ऑक्टोबरांत त्याचें केविलवाणें भाषण ऐकल्यावर, अशा मनुष्यासाठीं कायद्याची कुंपणें कशास हवींत, अशा भावनेनें सूचना आणणाऱ्या सभासदानेंच ती परत घेतली. सभा हंसली. अध्यक्ष सभेनें निवडावा कीं सर्व मतदारांनीं, या वादांतही कवि लामार्तीन याच्या वक्तृत्वास भुलून सभेनें दुसरा मार्ग पत्करला. डिसेंबर १८४८ मध्यें मतें मोजलीं गेलीं, तेव्हां लुई नेपोलियनास सुमारें ५४ लक्ष, काव्हेन्याकास सुमारें साडेचौदा लक्ष, जहालांचा पुढारी लेद्रू-रोलँ यास पावणेचार लक्षांच्या आंत, आणि खुद्द लामार्तीनास वीस हजारांच्या आसपास मतें पडलीं. ज्याचें बोलणें सभेस हास्यास्पद वाटलें, त्याचें मौन देशास पटलें होतें. उपहास हें विरोधाचें शस्त्र नव्हे, हा या चरित्राचा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कडू आहे. थिएरप्रभृति राजसत्तावादी पुढाऱ्यांनीं या निवडणुकींत त्यास पाठिंबा दिला होता. तो स्नेहानें नव्हे, हिशेबानें. हा मंद मनुष्य आपल्या मुठींत राहील, त्याच्या नांवावर आपण राज्य करूं, व वेळ येतांच त्यास बाजूस सारून खरा राजा आणूं, असा त्यांचा बेत होता. मात्र तो खरा राजा कोणत्या घराण्यांतला आणावा याविषयीं त्यांच्यांतच दोन तट होते व ते कधींच एक झाले नाहींत. जून १८४९ मध्यें रोमवरील स्वारीच्या निषेधार्थ लेद्रू-रोलँनें पॅरिसांत चळवळ केली. ती फसून तो इंग्लंडांत पळाला, व जहाल पक्षाचा कणाच मोडला. मग बहुमतवाल्यांस लोकांचेंच भय वाटूं लागलें. ३१ मे १८५० च्या कायद्यानें एका ठिकाणीं तीन वर्षें वस्ती असल्याचा पुरावा मतदारास आवश्यक करण्यांत आला, आणि रोजगारासाठीं गांवोगांव फिरणारे सुमारें ३० लक्ष लोक यादींतून उडाले. हुकुमशाहीची वाट रोखण्यासाठीं ज्यांची गरज पडावयाची, त्यांनाच या शहाण्यांनीं घराबाहेर काढलें! अध्यक्षानें त्या वेळीं कायद्यास हरकत घेतली नाहीं. पण १८५१ च्या नोव्हेंबरांत तोच कायदा रद्द करून सर्वांस मत परत द्यावें, अशी मागणी त्यानें सभेपुढें ठेविली. सभेनें थोड्याशा मतांनीं ती फेटाळली. झालें, लोकांच्या हक्काचा कैवारी अध्यक्ष व शत्रु सभा, असें चित्र आयतेंच रंगून निघालें.

दरम्यान अध्यक्ष स्वस्थ बसला नव्हता. तो आगगाडीनें प्रांतोप्रांतीं फिरे, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत मिसळे, सैनिकांस मेजवान्या देई. पॅरिसच्या फौजेचा मुख्य व सभेचा भरंवशाचा सेनापति शांगार्निए यास त्यानें जानेवारी १८५१ मध्यें काढून टाकलें, तेव्हां सभेनें निषेध नोंदविला व ती गप्प बसली. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची असून त्यास लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहण्याची मनाई होती. ती उठविण्याची सूचना जुलै १८५१ मध्यें आली. तिला अनुकूल ४४६ व प्रतिकूल २७८ मतें पडलीं, परंतु राज्यघटनेप्रमाणें तीन चतुर्थांश मतें लागत असल्यामुळें ती नापास झाली. आतां बळजबरीवांचून त्यास मार्ग उरला नाहीं, हें शेंबड्या पोरासही कळण्यासारखें होतें. १७ नोव्हेंबर रोजीं सभेच्या रक्षणासाठीं फौज बोलावण्याचा अधिकार सभेच्याच हातीं स्पष्टपणें असावा, असा ठराव पुढें आला. राजसत्तावाद्यांच्या हातीं फौज जाईल या भीतीनें प्रजासत्ताकवादी सभासदांपैकीं बहुतेक अध्यक्षाच्या माणसांस मिळाले व ठराव बुडाला. पहारा करणारा आंगणांत उभा असतां घरांतले भाऊ किल्ली कोणाकडे असावी यावर भांडले, आणि अखेर दार उघडेंच राहिलें.

पुढें पंधरा दिवसही लागले नाहींत. २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे थिएर, काव्हेन्याक, शांगार्निए इत्यादि पुढारी अंथरुणांतून उठवून कैद करण्यांत आले. सभा बरखास्त केल्याचे जाहीरनामे सरकारी छापखान्यांत शिपायांच्या पहाऱ्याखालीं रात्रीं छापले गेले. मजकुराचे तुकडे करून ते निरनिराळ्या जुळाऱ्यांस दिले, जेणेंकरून आपण काय जुळवीत आहों हें एकासही कळूं नये. त्या जाहीरनाम्यांत सर्वांस मताचा हक्क परत दिल्याचें अग्रभागीं घातलें होतें. सुमारें २२० सभासदांनीं एका नगरकचेरींत जमून अध्यक्षास पदच्युत केल्याचा ठराव कायदेशीरपणें मंजूर केला, आणि त्यांनाही शिपायांनीं धरून नेलें. दुसऱ्या दिवशीं बोदँ नांवाचा सभासद मजुरांच्या वस्तींत रस्त्यावरील अडथळ्यावर उभा राहून गोळीस बळी पडला. सभासदांच्या रोजच्या पंचवीस फ्रँक भत्त्यासाठीं आम्हीं कां मरावें, असा टोमणा मजुरांनीं त्या वेळीं मारल्याचें सांगतात. तो क्रूर खरा. परंतु जून १८४८ चीं प्रेतें व मे १८५० चा कायदा आठवतां तो अकारण होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ४ तारखेस पॅरिसच्या मोठ्या रस्त्यांवर फौजेनें बेछूट गोळीबार केला. प्रांतांतून, विशेषतः दक्षिणेकडे, हजारों खेडूत मात्र प्रजासत्ताकासाठीं शस्त्र घेऊन उठले, हें विसरतां कामा नये. सुमारें सव्वीस हजारांवर लोक पकडले गेले, व त्यांपैकीं दहा हजारांच्या सुमारास अल्जीरियांत हद्दपारीची शिक्षा झाली. डिसेंबरअखेर लोकांचा कौल घेतला, तेव्हां सुमारें ७४ लक्ष मतें अनुकूल व साडेसहा लक्षांच्या आसपास प्रतिकूल पडलीं. बरोबर एक वर्षानें, २ डिसेंबर १८५२ रोजीं, अध्यक्षाचा बादशहा झाला.

येथें आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द सांगणें आहे. या अनर्थानंतर पॅरिसच्या रोखेबाजारांत भाव पडले नाहींत, चढले. एकदां कटकट मिटली, आतां धंदा नीट चालेल, असें पेढीवाल्यांस वाटलें. आणि निःपक्षपातानें सांगावयाचें तर धंदा चाललाही. सुमारें साडेतीन हजार किलोमीटर असलेले लोहमार्ग १८७० पर्यंत सतरा हजारांच्या घरांत गेले, पॅरिस नव्यानें बांधलें गेलें, मोठमोठ्या पेढ्या निघाल्या. मुंबईस युरोपच्या जवळ आणणारा सुवेझचा कालवा १८६९ सालीं उघडला, तेव्हां त्या समारंभांत याच बादशहाची राणी अग्रस्थानीं होती. परंतु १८६० सालीं बादशहानें इंग्लंडशीं व्यापारी तह करून विलायती मालावरील जकात एकाएकीं उतरविली, तेव्हां फ्रेंच गिरणीवाल्यांस जाग आली. तह बरा कीं वाईट हा प्रश्न वेगळा. आपणांस कोणी विचारिलें नाहीं, ही त्यांची तक्रार होती. दाद मागणार कोणापुढें? सभा त्यांच्याच संमतीनें मुकी झाली होती. वर्तमानपत्रें फेब्रुवारी १८५२ च्या हुकुमानें जामिनाच्या व सरकारी परवान्याच्या जाळ्यांत अडकलीं होतीं. दोन ताकिदी मिळाल्या कीं पत्र तहकूब. १९१० च्या मुद्रण-कायद्याखालीं आपल्याकडील पत्रांची काय दशा झाली हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही युक्ति अपरिचित वाटणार नाहीं. शांततेच्या मोबदल्यांत हक्क विकणाराचा सौदा असाच असतो: किंमत एकदां मिळते, माल कायमचा जातो.

शेवट सर्वश्रुत आहे. ज्यास विचारणारा कोणी नाहीं, त्याची चूक दुरुस्त करणाराही कोणी नसतो. मेक्सिकोंत परका बादशहा बसविण्याच्या नादांत पैसा व माणसें खर्ची पडलीं, व तो बादशहा १८६७ सालीं तेथें गोळी घालून मारला गेला. मे १८७० मध्यें पुनः कौल घेतला, तेव्हांही सुमारें ७३ लक्ष मतें अनुकूल पडलीं. त्यानंतर चार महिन्यांच्या आंत, २ सप्टेंबर रोजीं, सेदान येथें बादशहा आपल्या सैन्यासह प्रशियाच्या कैदेंत पडला, आणि दोनच दिवसांनीं पॅरिसांत पुनः प्रजासत्ताक राज्य पुकारलें गेलें. अल्सास व लोरेनचा भाग गेला. पांचशें कोटि फ्रँक खंडणी बसली. ९ जानेवारी १८७३ रोजीं इंग्लंडांत चिझलहर्स्ट येथें तो परागंदा स्थितींत वारला. ज्या थिएरनें त्यास मुठींत ठेवण्याचा हिशेब केला होता, त्यासच वृद्धापकाळीं १८७१ पासून ती मोडलेली घडी बसवीत बसावें लागलें. त्या अनुभवाची दहशत फ्रेंचांस इतकी बसली कीं, सर्व मतदारांनीं अध्यक्ष निवडण्याचा प्रयोग त्यांनीं १९६५ पर्यंत पुनः केला नाहीं.

परंतु आमच्या मतें मतदाराचा हात आंखडणें हा खरा उपाय नव्हे. १८५० च्या कायद्यानें तेंच केलें व त्याचें फळ आपण पाहिलें. लोकांचें गाऱ्हाणें खरें असतां त्यास खोटा कैवारी मिळाला, कारण खऱ्यांनीं तें ऐकूनच घेतलें नाहीं. जे त्यास हंसले, ज्यांनीं त्यास वापरूं पाहिलें, जे त्याच्याहून लोकांसच अधिक भ्याले, आणि जे एकमेकांवर रुसून घर उघडें टाकून बसले, त्या सर्वांनीं मिळून हें सिंहासन उभारलें. लुई नेपोलियन त्यावर केवळ चढून बसला. म्हणून लोकसत्तेचें रक्षण करूं म्हणणारांनीं कैवाऱ्याचा पोकळपणा सिद्ध करण्यांत वेळ दवडण्यापूर्वीं, करानें वांकलेल्या शेतकऱ्यास व कामावांचून बसलेल्या मजुरास आपण काय देऊं शकतों, याचा जबाब तयार ठेवावा. आणि दुकानाच्या गादीवर बसून, राज्य कोणाचेंही असो, आपणांस बाजार चालल्याशीं काम, असें म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनीं आपली वही एकदां पुनः तपासावी. त्या हिशेबांत एक मोठें देणें लिहावयाचें राहून गेलें आहे.