हेन्री डन्स्टर : हार्वर्डचे पहिले अध्यक्ष

अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयाला ज्यांचे नाव मिळाले ते धर्मोपदेशक जॉन हार्वर्ड १६३८ साली निवर्तले. निम्मी मिळकत आणि सुमारे चारशे ग्रंथ त्यांनी या नवजात संस्थेस दिले होते. परंतु ग्रंथ व द्रव्य लाभले म्हणजे विद्यालय चालतेच असे नाही. पहिला शिक्षक नॅथॅनियल ईटन मारकुटा निघाला. १६३९ मध्ये त्याला काढावे लागले आणि अध्यापन बंद पडले.

अशा वेळी, १६४० साली, तिशीचे हेन्री डन्स्टर इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला उतरले. ते लँकेशायरमधील बरी गावचे, केंब्रिजचे पदवीधर आणि हिब्रूचे व्यासंगी होते. त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे अध्यक्षपद आले. अभ्यासक्रम त्यांनीच आखला आणि अध्यापनाचा बहुतेक भारही त्यांनीच वाहिला. १६४२ साली नऊ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पदवीधर झाली. जोस ग्लोव्हर नावाचे धर्मोपदेशक मुद्रणयंत्र घेऊन येत असता समुद्रप्रवासातच वारले होते. त्यांच्या विधवेशी डन्स्टर यांचा विवाह झाला आणि त्या वसाहतींतील पहिला छापखानाही त्यांच्या देखरेखीखाली आला. १६५० साली त्यांनी संस्थेस सनद मिळवून दिली. इंग्रजांबरोबर तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांचे शिक्षणही तीत अभिप्रेत होते. त्या सनदेने स्थापिलेले नियामक मंडळ आजही अस्तित्वात आहे.

एवढे करूनही त्यांना जावे लागले. बाप्तिस्मा जाणत्या श्रद्धावंतासच द्यावा, अर्भकास नव्हे, असे त्यांचे मत बनले. १६५३ मध्ये त्यांनी आपल्या नवजात पुत्राचा बाप्तिस्मा करविला नाही. वसाहतीच्या धर्मकारणात हा मोठाच अपराध! मौन पाळले असते तर पद टिकते. पण १६५४ च्या जुलैत ते चर्चमध्ये उभे राहून बोलले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. घरात आजारपण आणि तोंडावर हिवाळा, म्हणून स्वतः उभारलेल्या निवासात वसंतापर्यंत राहू द्यावे, असा अर्ज त्यांना करावा लागला. मार्चपर्यंत मुदत मिळाली.

पुढे ते प्लिमथ वसाहतीतील सिच्युएट येथे धर्मोपदेशक झाले. तेथील चार्ल्स चॉन्सी त्यांच्या जागी हार्वर्डला आले. बाप्तिस्म्याविषयी चॉन्सींचेही मत रूढीहून वेगळेच होते. मात्र ते बोलून न दाखविण्याचे त्यांनी मान्य केले.

१६५९ च्या फेब्रुवारीत डन्स्टर निवर्तले. इच्छेनुसार त्यांचे दफन महाविद्यालयाच्या गावी, केंब्रिजला झाले. आपल्या ग्रंथसंग्रहाचे मोल ठरविण्याचे काम मृत्युपत्रात त्यांनी दोघांवर सोपविले होते : महाविद्यालयाचे अध्यक्ष चॉन्सी आणि केंब्रिज चर्चचे धर्मगुरू जोनाथन मिचेल.