रेल्वे वर्कशॉपमधला गीतकार : शैलेंद्र

गीतकाराची गाणी वर्षानुवर्षे लोकांच्या ओठांवर कशी राहतात? आम्हाला याचे उत्तर शैलेंद्र यांच्या आयुष्यात सापडते. मूळच्या बिहारमधील दलित कुटुंबात १९२३ साली रावळपिंडीत त्यांचा जन्म झाला. मुंबईत ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. इप्टाच्या मंचावर त्यांची कविता ऐकून राज कपूर यांनी गाणी मागितली. त्यांनी नकार दिला. पुढे पैशांची नड आली तेव्हा ‘बरसात’साठी दोन गाणी लिहिली. मग ‘आवारा’, ‘श्री ४२०’, ‘गाइड’. कामगाराला पहिल्याच ऐकण्यात समजेल असा शब्द, पण त्यात आयुष्याचा अर्थ. हेच त्यांचे बळ. ‘तीसरी कसम’च्या कर्जाने खचून १४ डिसेंबर १९६६ रोजी ते गेले. गाणी घराघरांत पोहोचली, गीतकाराची सामाजिक ओळख मात्र झाकलेलीच राहिली. ती सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.